नव्या दिव्यांखालचं काळं कापड

सोमवार, ८ मे

दिवे बदलले. सकाळी सातला वायरमन सोलोमन शिडी घेऊन आला आणि दोनपर्यंत सगळं उरकलं. बावीस जुन्या ट्यूब आणि मामाने हौसेने लावलेले अठरा तापट फोकस खाली उतरवून मागच्या खोलीत रचून ठेवले. बटण दाबलं आणि दुकान असं लख्ख झालं की समोरची माणसं थांबून बघायला लागली.

सोलोमनने दोन प्रकारचे एलईडी दाखवले होते. दुसरा दुपटीहून महाग. "कापडाचं दुकान आहे म्हणून सांगतो, ह्यात रंग खरा दिसतो. स्वस्तातल्यात लाल मरतो," म्हणाला. मी म्हटलं, "बाबा रे, मीही विकणाराच आहे. महाग माल गळ्यात मारताना काय काय बोलतात ते मला नको शिकवू." तो हसला आणि स्वस्ताचे खोके फोडले. वीज दोन्हींना जवळपास सारखीच लागते. मग दुप्पट कशाला मोजायचे?

मामा जाऊन दोन वर्षं झाली. आडुमच्या बाजारात अजून ह्याला मामाच्या नावाने ओपोकूचं दुकान म्हणतात, यॉचं कोणी म्हणत नाही. मामाकडून भाच्याकडे दुकान आलं की सगळं कुमासी पाच वर्षं बघत बसतं, भाचा कधी बुडवतोय. बघा म्हणावं.

चेरेवामावशी एकटी नाराज. एकतीस वर्षं ती या दुकानात कापड मोजते, मामाने तिला पंचविशीत आणली होती. डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "यॉ, आता इथे काळा चष्मा लावून बसावं लागणार. आणि माझा पगार कापून तो तू घेऊन देणार नाहीस."

शनिवार, १३ मे

पाच दिवस झाले तरी प्रीपेड मीटर गप्प आहे. पूर्वी सहाशे सेडी भरले की नवव्या दिवशी पैसे संपून ते किरकिरायला लागायचं. सोलोमनने हिशोब सांगितला तो असा: जुने दिवे निम्मी वीज उजेडात घालवत आणि निम्मी उकाड्यात, आणि मग तो उकाडा घालवायला आपण एसी लावत होतो. म्हणजे एकाच रोगाचे दोनदा पैसे. मी हे तीन जणांना सांगितलं.

गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून पुढच्या काचेच्या दाराला काळी फिल्म लावून घेतली आणि दार आपोआप मिटेल अशी स्प्रिंग बसवली.

गुरुवार, १८ मे

मावशीने एका बाईला काळ्या कापडाबरोबर तांबडं रीळ दिलं. बाई परत आली, रीळ टेबलावर आपटलं. मावशी रीळ हातात घेऊन नुसती फिरवत बसली. "इथे काळं आहे," म्हणाली. "बाहेर तांबडं आहे, मावशी," बाई म्हणाली. मला स्वतःलाही ते काळंच वाटलं होतं, पण मी काही एकतीस वर्षं हे काम केलेलं नाही.

वय झालं. छप्पन्न-सत्तावन्न असेल. कोणी बोलायचं तिला?

सोमवार, २९ मे

मीटर आज किरकिरलं. एकवीस दिवस! मी पानावर मोठ्या आकड्यात लिहून ते गल्ल्याच्या वर चिकटवलं. बायको ॲग्नेस म्हणाली, नवरा परीक्षेत पास झाल्यासारखा नाचतोय. नाचेन नाही तर काय.

व्यापारी संघाचे सचिव दुपारी आले, दिव्यांकडे मान वर करून बघितलं, मीटरचे आकडे उतरवून घेतले. जुलैच्या सभेत मी सगळ्यांना सांगावं म्हणतात, दुकानाचं विजेचं बिल कसं उतरवावं. मी आढेवेढे घेतले आणि हो म्हटलं.

मावशीचा एक त्रास आहे तो लिहून ठेवतो. मामाचा नियम होता, कापड फाडायच्या आधी दाराशी नेऊन गिऱ्हाइकाला उन्हात दाखवायचं. ती अजून प्रत्येक कापड उचलून दाराकडे निघते. दर वेळी दार उघडतं, गार हवा जाते, उकाडा आत येतो. आज स्पष्टच सांगितलं, "मावशी, तो नियम मामाच्या मिणमिणत्या ट्यूबांसाठी होता. आता इथेच ऊन आहे." ती म्हणाली, "बरं." तिचं बरं फार लांबलचक असतं.

शुक्रवार, २ जून

तिला माझ्या खर्चाने डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. नर्सने सांगितलं, जवळचं वाचायला साधा चष्मा लावा, बाकी वयाच्या मानाने नजर चांगली आहे. मावशीचा विश्वास बसला नाही. "ती पोरगी दयाळू आहे," म्हणाली. "म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर कशाला सांगेल? मला माहीत आहे ना, गेले महिनाभर माझ्या हातून काय काय चुकतंय."

मनात म्हटलं, तिला कळतंय हे बरं झालं. आता तिला लेस आणि बटणांकडे बसवावं, मोजमाप मी बघेन.

मंगळवार, ६ जून

मोठी ऑर्डर. अडोमाको घराण्याची आजी, नाना अफ्रा, वारली. प्रेत शवागारात आहे, मोठी अंत्ययात्रा चोवीस तारखेच्या शनिवारी. घरात दोन तट आहेत हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. वरचं घर म्हणतं आजीला आम्ही सांभाळली, खालचं घर म्हणतं आम्ही. घराण्याचे थोरले, म्हणजे सगळ्यांत वडील प्रमुख, त्यांनी आठवडाभर बसून दोघांना एका जागी आणलं आणि ठरवून टाकलं: कोणी तांबडं नेसायचं नाही, सगळ्यांनी एकच काळं कापड, एकच नक्षी. तांबडं म्हणजे जवळच्यातलं जवळचं माणूस, आमचंच काळीज फाटलंय असं. ते भांडणच नको, म्हणून काळं.

खालच्या घरातली कम्फर्ट आली होती, बाहेर टॅक्सी चालू ठेवून. सहा-सहा वारांचे साठ तुकडे. काळं चौतीस तुकड्यांत संपलं. मागे त्याच नक्षीचं आणखी एक गाठोडं होतं. रंगाचा नंबर वेष्टनावर असतो आणि वेष्टन मी दिवे बदलताना आवराआवरीत फेकून दिलं होतं. मी दोन्ही कापडं टेबलावर शेजारी पसरली. सारखी.

मावशीने दोन्हींवरून तळहात फिरवला. "मला सारखीच दिसतात," म्हणाली. "म्हणूनच भीती वाटते. यॉ, एकदा दाराशी नेऊन आणते."

"मावशी, इतक्या उजेडात जे दिसत नाही, ते दारात काय दिसणार आहे?"

कम्फर्ट हसली, दुकानातली कामाची पोरं हसली. मावशीही थोडं हसली आणि कात्री घेतली. पहिले चौतीस खालच्या घराच्या पिशवीत, उरलेले सव्वीस वरच्या घराच्या. पिशव्यांची तोंडं शिवून टॅक्सीत टाकली. वर्षातली सगळ्यात मोठी विक्री, तीही एका तासात.

रविवार, २५ जून

काल अंत्यविधीला गेलो होतो. हे लिहायला आज दुपार उजाडली.

मैदानावर मांडव होते, मी पाहुण्यांच्या रांगेत बसलो होतो. आधी खालचं घर आलं, काळ्या कपड्यांत, नक्षी माझीच. मला अभिमान वाटला, शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. मग वरचं घर आलं. उन्हात आलं आणि ढोलवाल्यांचे हात थांबले.

तांबडं. गडद, जुन्या विटेसारखं, पण तांबडं. सव्वीसच्या सव्वीस माणसं.

नंतर कळलं की वरच्या घराला शिंप्याकडेच ते कळलं होतं. त्यांनी तोंड मिटून ठेवलं. त्यांना वाटलं थोरल्यांनी गुपचूप त्यांचा मान राखला, आजी खरी त्यांचीच म्हणून. आनंदाने शिवून घेतलं. खालच्या घराला वाटलं थोरल्यांनी दगा दिला. कम्फर्टची आई खुर्ची उचलून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली, तिच्या मागोमाग बाकीची तेहतीस. सकाळी देणगीचं टेबल एक होतं, दुपारी दोन झाली, दोन माइक, एकमेकांवर ओरडणारे. आजीचं प्रेत मधे. थोरले काठीवर हनुवटी टेकून बसले होते, त्यांच्याकडे मला बघवलं नाही.

मावशीची नजर. मी तिला बटणांकडे आधीच बसवायला हवं होतं.

सोमवार, २६ जून

ते आले. थोरले, कम्फर्ट आणि वरच्या घरातला एक जण. थोरल्यांनी माझ्या मामाचं नाव घेऊन सुरुवात केली, म्हणजे किती वाईट ते समजलं. "ओपोकूच्या दुकानातून असं कापड गेलं कसं? कोणी काढलं?"

मी उत्तर जुळवत होतो तोवर मावशी उठली. गिऱ्हाइकं होती, पोरं होती, सगळ्यांसमोर. "मी काढलं. माझी नजर गेली आहे, महिनाभर मला कळत होतं, तरी मी कात्री सोडली नाही. पोराचा दोष नाही." आणि खाली वाकून थोरल्यांच्या पायाशी बसली.

मी गप्प उभा होतो. ती खरंच सांगते आहे असं मला वाटत होतं, मग माझी मान खाली का गेली कोण जाणे. दाराशी नेते म्हणाली होती ते मला आठवलं. ते मी सांगितलं नाही. ते सांगून काय होणार होतं?

संध्याकाळी तिने आपली टेप आणि कात्री पिशवीत घातली. मी म्हटलं, काही दिवस आराम करा. "आता आरामच," ती म्हणाली.

गुरुवार, २९ जून

अकराच्या सुमारास वीज गेली. आत काळोख आणि कोंडमारा, म्हणून दाराची स्प्रिंग काढून ते सताड उघडं टाकलं. टेबलावर त्या दोन गाठोड्यांतले उरलेले तुकडे शेजारी पडले होते, रात्रंदिवस डोक्यात तेच म्हणून मी मागून आणून ठेवले होते. ऊन आलं आणि एक काळा होता, एक तांबडा. आंधळ्यालाही कळेल इतका तांबडा.

मला वाटलं मी चुकीचा तुकडा आणला. पालथा करून बघितला. तोच.

पाऊण तासाने वीज आली, मी दार लोटलं. माझ्या डोळ्यांदेखत, मी हात न लावता, तांबडा काळा झाला. मी बटण बंद करून दार उघडलं. तांबडा. लावलं. काळा. पोरांना वाटलं मीटर तपासतोय.

सोलोमनने सांगितलं होतं. माझ्याच हाताने वर लिहिलेलं आहे, लाल मरतो म्हणून. मी परत वाचलं.

तिची नजर चांगली आहे. सगळ्यांत चांगली तिचीच होती. आम्ही सगळे खुशाल होतो आणि तिला एकटीला काहीतरी बिघडलंय हे दिसत होतं. उद्या सकाळी बांटामाला तिच्या घरी जायचं.

शनिवार, १ जुलै

काल गेलो नाही. काल दुकानात गर्दी होती. गर्दी नव्हती, खरं लिहायचं तर. मी सोलोमनला फोन करून महागाच्या दिव्यांचा भाव विचारला आणि त्याने कशाला म्हणून विचारलं तर म्हटलं, एका मित्रासाठी.

उरलेलं तांबडं कापड कुलपात टाकलं. आता गिऱ्हाइकाला गडद रंग दाखवायचा झाला की मीच म्हणतो, "चला, बाहेर जरा वारा खाऊ," आणि कापड काखेत मारून दाराशी नेतो. पोरं एकमेकांकडे बघतात.

सोमवार, ३ जुलै

ॲग्नेस चर्चमधून बातमी घेऊन आली. चेरेवामावशी दर रविवारी बायबलचं पहिलं वाचन करते, वीस वर्षं. काल तिने पाळकांना सांगितलं, दुसरं माणूस बघा. चष्म्याने अक्षर दिसतं, पण आता डोळ्यांवर भरवसा नाही, देवाच्या शब्दात चूक नको.

"तू भेटून आलास का तिला?" ॲग्नेसने विचारलं.

"जाणार आहे."

"सूप गार होतंय," ती म्हणाली. मला जेवण गेलं नाही. मला माझीच लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून जायचं पुढे ढकलतो, आणि पुढे ढकललं की जास्त लाज वाटते. बाहेर पडायचा रस्ता सोपा आहे, फक्त चालत जायचंय.

बुधवार, ५ जुलै

संघाची सभा झाली. चाळीस-पन्नास दुकानदार. मी नऊ दिवस आणि एकवीस दिवस सांगितलं, एकाच रोगाचे दोनदा पैसे सांगितलं, तिथे सगळे हसले. टाळ्या पडल्या. एका साडेसहा फुटी मटणवाल्याने उठून विचारलं, "ह्यात काही खोट नाही ना, यॉ? इतकं गोड आहे म्हणून विचारतो."

तो प्रश्न माझ्यासमोर ताटात वाढून आला होता. मी म्हटलं, "खोट काय असणार? दिवा तो दिवा."

दोघांनी तिथेच सोलोमनचा नंबर घेतला. त्यातली एक बाई लग्नाची कापडं विकते.

मी घरी न येता केजेतियाच्या बाजारापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. मला कोणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

सोमवार, १० जुलै

मावशीने काल शिवणयंत्र भाचीला देऊन टाकलं. घरी बसून थोडं शिवून तिचं भागायचं, म्हातारपणाची सोय म्हणून मामाने दिलं होतं ते. मला हे तिच्या भाचीनेच सांगितलं, दुकानात सुया घ्यायला आली तेव्हा. आनंदात होती बिचारी. मी तिच्याकडून सुयांचे पैसे घेतले नाहीत आणि त्याने मला थोडं बरं वाटलं, इतका मी खाली गेलोय.

शुक्रवार, १४ जुलै

आता नजरेवरून इमानावर आलंय. खालचं घर म्हणायला लागलंय की म्हातारी आंधळी वगैरे काही नाही, वरच्या घराने तिला पैसे चारले आणि मुद्दाम तांबडं घेतलं. बाजारात काल दोघी जणींनी तिला पाठ फिरवली. एकतीस वर्षांत एक सूत जास्त किंवा कमी मोजलं नाही तिने.

रविवारी थोरल्यांनी दोन्ही घरांना बसवलंय. तिला बोलावलंय, मलाही साक्षीला.

रविवार, १६ जुलै

बोललो.

अंगणात साठेक माणसं असतील, काळे एका बाजूला, तांबडे एका बाजूला, जणू गणवेश. मावशी मधे बाकावर, एकटी. खालच्या घराच्या प्रवक्त्याने लाच हा शब्द उच्चारला आणि मी उठलो. माफी मागायला सोबत नेलेली श्नॅप्स दारूची बाटली आणि दोन कापडाचे तुकडे थोरल्यांपुढे ठेवले. मग पायातल्या चपला काढल्या.

सगळं सांगितलं. सोलोमनने दोन प्रकार दाखवले ते. मी स्वस्त घेतले ते. दाराशी नेते म्हणाली आणि मी हसून उडवून लावलं ते. कम्फर्टने मान खाली घातली. एकाने शंका काढली तेव्हा दुकानातून सोबत आणलेली एक ट्यूब मी खोलीत लावून दाखवली, म्हातारे एकेक करून आत जाऊन बघून आले. एक जण तीनदा गेला.

"तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत," मी म्हटलं. "दोष माझा, आणि तो तिने स्वतःवर घेतला तेव्हा मी तोंड उघडलं नाही."

मावशी माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा इतका मोकळा झालेला मी महिन्यात बघितला नव्हता. दोन्ही हात तिने डोळ्यांवर ठेवले, काढले, परत ठेवले. मग विचारलं, "यॉ, हे तुला कधी कळलं?"

सतरा दिवस. तोंडापर्यंत आलं होतं.

"काल," मी म्हटलं.

ती उठली आणि दोन्ही घरांकडे वळली. "ऐकलंत ना? काल कळलं आणि आज उभा राहिला. कोण राहतो असा? कोणाच्या घरात आहे असा? ओपोकूचा भाचा आहे तो. त्याला फार बोलू नका." थोरल्यांनी मान डोलावली. दंड म्हणून दोन मेंढ्या ठरत होत्या, त्याची एक केली. वरच्या घराने तांबडं उतरवायचं कबूल केलं, मी साठही जणांना नवं काळं द्यायचं. कम्फर्टची आई वरच्या घरच्या म्हातारीशेजारी जाऊन बसली. लोकांनी माझा हात हातात घेतला.

मंगळवार, १८ जुलै

मावशी काल कामावर आली. सोलोमनने महागाचे दिवे लावले. मीटर अगदी थोडं जास्त खाईल, त्याने हिशोब करून दाखवला, पूर्वीच्या निम्म्याहूनही कमीच. म्हणजे मी जे सगळं केलं ते खोक्यामागे काही सेडी वाचवायला. लग्नाच्या कापडवाल्या बाईला मी सकाळीच जाऊन सांगून आलो. मटणवाल्यालाही. त्याने माझ्याकडे खूप वेळ बघितलं आणि लिव्हरचा तुकडा बांधून दिला.

मावशी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगते. "चूक कोणीही करतं हो. पण कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी भर अंगणात उभा राहिला माझा यॉ." आज दिवसभरात मी मोजलं, अकरा वेळा. अकराव्या वेळी मी मागच्या खोलीत जाऊन नुसता उभा राहिलो.

बुधवार, १९ जुलै

दुपारी तिने परत सुरू केलं, कोणा शाळामास्तरणीला. बाई गेली आणि मी म्हटलं, "मावशी, काल नव्हतं."

"काय काल नव्हतं?"

"थोरल्यांसमोर मी काल म्हणालो. सतरा दिवस झाले होते. वीज गेली होती तो गुरुवार."

तिच्या हातात निळं कापड होतं. तिने ते टोकाला टोक जुळवून पूर्ण घडी घातलं आणि फळीवर ठेवलं. "वाचन मी कोणत्या रविवारी सोडलं?"

"दोन तारखेच्या."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मशीन?"

"तेव्हाही."

"ते जाऊ दे. पोरगी शिकतेय, मशीन तिच्याकडे शोभतं." ती खाली बसली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. "पण यॉ, आधी तुझी चूक मी माझी म्हणून सांगितली. ते अजाणता, चल, सोडून दिलं. मग साठ माणसांपुढे तुझं खोटं मी खरं म्हणून सांगितलं. ते तू माझ्याकडून करवून घेतलंस. समोर उभा राहून, ऐकत. तीन दिवस ऐकतोयस. तुझ्या मामाने एकोणतीस वर्षांत माझ्या तोंडून गिऱ्हाइकाला एक खोटं घालवलं नाही."

म्हटलं, "मी उद्या थोरल्यांकडे जातो. सगळं नीट सांगतो."

"उद्या," ती म्हणाली.

एवढंच. मला कानफटात बसल्यासारखं झालं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ती तशीच ठेवून चाव्या तिच्यापुढे टेबलावर ठेवल्या आणि निघालो.

थोरले फुफू खात बसले होते. त्यांनी हात धुवायच्या आधीच मी सांगून टाकलं, सतरा दिवस, तारखांसकट. ते रागावले नाहीत. दुसरी मेंढी आण म्हणाले, आणि रविवारी चर्चच्या दारात हे सगळ्यांना ऐकव. मग विचारलं, "तिला सांगितलंस?" सांगितलं म्हटलं. "ती काय म्हणाली?" मी म्हटलं, "उद्या म्हणाली." त्यांना ते कळलं नाही, मला समजावून सांगता आलं नाही.

परत आलो तर पाच वाजले होते. दुकान बंद, दिवे बंद, कुलूप नीट. चाव्या शेजारच्या दुकानात ठेवल्या होत्या. काही निरोप ठेवलाय का म्हणून मी शेजाऱ्याला विचारलं, आणि थोडं थांबून पुन्हा विचारलं. निरोप नव्हता.